मांडव तुझ्याच दारी

जव्हार, १२ जानेवारी २०२५

काकी,

फोन तू कापतेस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र कापायला कात्री लागते आणि तुझ्या घरात कात्री नाही, विळा आहे. विळ्याने काप हवं तर, पण आधी वाच. चौथीपर्यंत शिकलीस ती काय नुसती रेशनच्या दुकानात सही करायला? अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. घाई नाही, आठवडाभर पुरवून वाच.

ओळख विसरली असशील तर करून देते. मी राही. तुझ्या मोठ्या दिराची मुलगी. आईबाप एकामागोमाग गेले आणि मी तुझ्या नि बुधाकाकाच्या पदरात पडले. सहा वर्षांची असताना तू मला मोखाड्याहून जीपमध्ये बसवलंस, पत्र्याची पेटी मांडीवर ठेवलीस आणि जव्हारकडच्या आश्रमशाळेत सोडून आलीस. मी दाराशी उभी राहून रडत होते. तू मागे वळून पाहिलं नाहीस. हे सगळं तुला आठवतच असेल, पण मलाही आठवतं एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

शाळेचा नियम होता, सुट्टीला घरचं माणूस न्यायला आलं तरच पोर सोडायची. दिवाळी आली की वऱ्हांड्यात रांग लागायची. एकेकीचं नाव पुकारायचे, एकेक बाप टोपी सारखी करत पुढे यायचा. मी दर वेळी पेटी घेऊन पायरीवर बसायचे. माझं नाव कधी पुकारलं गेलं नाही. संध्याकाळ झाली की अधीक्षिका पुष्पलता मॅडम कुलूप लावायला यायच्या आणि म्हणायच्या, ‘चल, आज पण माझ्याकडेच.’ त्यांच्या घरी वाढले म्हण. त्यांना मूल नव्हतं आणि मला आई नव्हती, दोघींचं भागलं.

आता मी जव्हारच्या गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. लोक गुरांची डॉक्टरीण म्हणतात, मी दुरुस्त करत नाही. तीन तालुक्यांत कोणाच्या बैलाला कुठे गाठ आहे ते मला माहीत असतं. आणि हो, गेल्या महिन्यात आमचा माणूस तुमच्या पाड्यावर लस घेऊन आला तेव्हा तू विचारलंस म्हणे, ‘राहीनं पाठवलीय का?’ तो हो म्हणाला. मग तू सगळ्या कोंबड्यांना टोचून घेतलंस. माझ्या फोनला उत्तर नाही, पण कोंबड्यांचं राणीखेतपासून रक्षण चालतं. बरं आहे.

आता कामाचं. माझं लग्न ठरतं आहे. मुलाचं नाव सुदर्शन, जव्हारलाच एका कार्यालयात कारकून आहे. मॅडम म्हणतात मांडव त्यांच्या अंगणात घालू. मला तो तुझ्या दारी हवा आहे. आपल्यात मुलीचा मांडव घरच्या दारी लागतो आणि माझं घर कागदावर तरी पोशेऱ्याच्या पुढचा तुझाच पाडा आहे. पहिल्यांदा त्या दारातून निघाले ती पेटी घेऊन, रडत. या वेळी वाजत निघायचं आहे. सगळ्या पाड्याने बघायला हवं आणि तू दारात उभी राहायला हवीस.

प्रेमाने मागते आहे असं समजू नकोस. हक्काने मागते आहे.

राही


जव्हार, २ फेब्रुवारी

काकी,

पत्राला उत्तर नाही, निरोप मात्र आला. उमेशला तू फोनवर म्हणालीस, ‘माझे दारी मांडव लागायचा नाय. मना इचारू नको म्हणावं तिला.’ उमेश तुझा मुलगा असूनही त्याने ते जसंच्या तसं सांगितलं, मध्ये गूळ घातला नाही. भिवंडीच्या गोदामात हमाली करून माणूस असा सरळ राहतो हे विशेष आहे.

का लागायचा नाही? कारण तरी सांगायचंस. वीसेक वर्षं मी तुझ्या दारी काही मागायला आले नाही. पहिल्यांदा मागितलं ते आठ दिवस तुझ्या अंगणात चार बांबू आणि जांभळीच्या डहाळ्या. जेवणाचा खर्च माझा, भांडी माझी, पाणी भरायला माणसं माझी. तुला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. तेवढ्याला तुझी जीभ उचलत नाही.

असो. साखरपुडा तेवीस तारखेला, रविवारी, मॅडमच्या अंगणात करतो आहोत. त्याला तुझी परवानगी लागत नाही. लग्नाचा मांडव मात्र मी तुझ्याच दारी घालणार, एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेच्या सुरुवातीला. मांडववाल्याला मांडवाचं आणि मोठ्या पातेल्यांचं मी सांगून ठेवलं आहे. तू नको म्हणत राहा.

मुलाबद्दल लिहिते, म्हणजे पुढे कोणी सांगायला नको की पोरीने डोळे मिटून उडी मारली. सुदर्शन वांगणीचा. वावरच्या पुढचं वांगणी. त्याच्या वडलांची जमीन नावापुरती, सगळी पावसावर. हा एकटा बारावीपर्यंत शिकला आणि नोकरीला लागला. लाळ्या-खुरकुताच्या शिबिरात त्याला कार्यालयाने नोंदी करायला पाठवलं होतं, तिथे ओळख झाली. एक गाय उधळली आणि सगळे साहेब जीपमागे लपले, हा तेवढा दावं धरून उभा राहिला. गुडघाभर चिखलात पडला तरी सोडलं नाही. मला तिथेच आवडला. मऊ बोलतो, डाव्या भुवईवर लहानपणची खूण आहे, हसला की ती वर जाते. हे तुला कशाला सांगते आहे कोण जाणे.

मी चौकशी नीट केली आहे. तोंडावर विचारलं, ‘लग्न झालंय का तुझं?’ डोळ्यात बघून म्हणाला, ‘नाही.’ त्याच्या कार्यालयातल्या दोघांना विचारलं, तेही नाही म्हणाले. नोकरीच्या कागदावरही अविवाहितच आहे. गुरं तपासताना मी दात, डोळे, खूर सगळं बघते, नवरा बघताना कमी कसं बघेन?

तू साखरपुड्याला येणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी आमंत्रण देते, पुढे बोलायला जागा नको.

राही


जव्हार, २४ फेब्रुवारी

काकी,

झालं समाधान?

मला न्यायला जव्हारपर्यंत कधी आली नाहीस. त्या कोंडीला आणायला मात्र भिवंडीकडच्या वीटभट्टीपर्यंत गेलीस, तिला नि तिच्या पोरीला माझ्या साखरपुड्यात आणून उभं केलंस आणि पन्नास माणसांसमोर माझी सोयरीक मोडून पाणीही न पिता निघून गेलीस. आधी एक फोन करता आला नसता? तुला तो कापताच येतो, लावता येत नाही?

यापुढे माझ्या दारी येऊ नकोस. मीही तुझ्या दारी येणार नाही.

राही


जव्हार, ९ मार्च

काकी,

मागचं पत्र रागात लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं आज लिहिते.

त्या रविवारची गोष्ट आता जव्हारभर झाली आहे. जो सांगतो तो चिमूटभर मीठ जास्त घालतो. म्हणून मला जे दिसलं ते तुला मी सांगते. तू स्वतःला बघू शकली नसशील.

मॅडमच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. सुदर्शनचे मामा आणि त्याच्या कार्यालयाची माणसं पोहे खात होती. मी हिरवी साडी नेसून आत बसले होते. फाटक वाजलं आणि मी खिडकीतून पाहिलं तर तू. गुडघ्यावर हात ठेवत चढ चढून आलेली. काकी, मला वाटलं तू माझ्यासाठी आलीस. मी उठलेसुद्धा. एवढी मोठी झाले, गावोगाव फिरते, रेड्याच्या नाकात वेसण घालते, आणि तुला फाटकात बघून माझे पाय लहान मुलीसारखे धावले. ते तुला ठाऊक नाही म्हणून सांगते.

मग तुझ्या मागे ती दिसली. केसांत विटांची लाल धूळ, हातात चपला. आणि तुझ्या बोटाला धरलेली चारेक वर्षांची पोर. पोरीने सुदर्शनला बघितलं, तुझं बोट सोडलं आणि जाऊन त्याच्या गुडघ्याला मिठी मारली. पोरीचा तोंडावळा मी पाहिलाच नाही. गरज नव्हती.

तू बसलीही नाहीस. विचारलंस, ‘सुदर्शन, तुझे घरात कोण हाय?’

तो बुटांकडे बघत शुद्ध शाळेतल्या मराठीत म्हणाला, ‘आमचं लग्न झालेलं नाही. राहीने विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं.’

तू म्हणालीस, ‘माझा बी लगीन नाय झाला. बुधा नि मी तीस वरसं एके चुलीवर हाव. मंग मी कोण बुधाची? पाव्हणी?’

 मामांच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. तू माझ्याकडे वळलीस आणि हळू म्हणालीस, ‘पोरी, तू शाळंतला इचारलास. आपलेकडचा इचारायचा व्हता.’ आणि निघालीस. मॅडम पाण्याचा तांब्या घेऊन फाटकापर्यंत धावल्या, तू थांबली नाहीस.

तुझं तेच वाक्य मला पंधरा दिवस टोचत होतं. आपल्याकडे सोयरीक बघताना कोणी ‘लग्न झालं का’ विचारत नाही. ‘घरात कोण’ विचारतात. लग्न म्हणजे मांडव, लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी, सगळ्या पाड्याला जेवण. ते जमेल तेव्हा. तोवर माणसं घर मांडतात, पोरं होतात, पोरांना पोरं होतात, आणि मग कधी आईबाप नि पोरं एकाच मांडवात हळद लावून घेतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण शाळेत वाढलेल्या पोरीला घरचा रिवाज पाहुण्यासारखा माहीत असतो. मी कागदावरचा प्रश्न विचारला, त्याने कागदावरचं उत्तर दिलं. त्याला मात्र दोन्ही प्रश्न माहीत होते, आणि मी चुकीचा विचारते आहे हे बघून तो गप्प राहिला. त्याचा गुन्हा एवढाच आणि एवढा मोठा.

तू गेल्यावर काय झालं तेही ऐक. तो तीन दिवस दवाखान्याच्या फाटकाशी येत होता. पहिल्या दिवशी रडला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, ‘पंच बसवतो, कोंडीला सोडतो, आपल्यात चालतं.’ मी म्हटलं, ‘चालतं. मला चालत नाही.’ तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘तू शिकलेली आहेस राही, तिच्याशी मी बोलणार काय? तिला काय कळतं?’ तोपर्यंत मला तो आवडत होता. अजूनही थोडा आवडतो, हे लिहायला मला लाज वाटत नाही, गाय उधळली तेव्हा दावं धरणारा माणूस तोच होता. पण जो माणूस आज तिला काय कळतं म्हणतो तो उद्या माझ्याबद्दलही कोणाला तरी तेच सांगेल. मी त्याला म्हटलं, ‘आत एक गाभण शेळी वाट बघते आहे,’ आणि गेले.

रडले की नाही? रडले. मॅडमच्या मोरीत बादलीत नळ सोडून रडले, म्हणजे त्यांना ऐकू जाऊ नये. त्यांना ऐकू गेलंच, कारण बादली कधीच भरून वाहत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे न्याहाळे गावातून बोलावणं आलं, म्हशीचं रेडकू अडलं होतं. दोन तास झगडून बाहेर काढलं. जिवंत. तिथून येताना मला भूक लागली, तेव्हा कळलं की मी यातून निघणार.

परवा कोंडी वांगणीहून दवाखान्यात आली होती. खरंच शेळी घेऊन आली होती, भांडायला नाही. मी शेळीचं पोट बघितलं, औषध दिलं. मग विचारलं, ‘सुदर्शन आला होता का?’ म्हणाली, ‘आलता. बोललू, लगीन लावतोस तं मांडव घेऊन ये, नाय तं उंबऱ्याच्या आत पाय नको. माझे घरात आता मीच हाय.’ मग जाताना म्हणाली, ‘तुझी काकी लय चांगली.’ मी म्हटलं, ‘ते मला ठरवू दे.’

आणि उमेश. त्याला मी फोन करून तुझ्यावर खूप बोलले.  तुला मोटरसायकलवरून भट्टीवर त्यानेच नेलं होतं ना? गेल्या साली तू त्या भट्टीवर माणसांचा स्वयंपाक करायचीस तेव्हा कोंडीची खोपी तुझ्या शेजारी होती आणि ती दिवसभर ‘आमचा माणूस जव्हारला साहेब हाय’ सांगायची, हे त्याने सांगितलं. माझ्या पत्रात वांगणी आणि भुवईची खूण वाचून तू भाकरी तव्यावर टाकून उठलीस म्हणे. फोनवर सांगितलं तर राही मानायची नाय, डोळ्यांनी बघू दे, असं म्हणालीस. त्यात तुझं बरोबर होतं. मी मानलं नसतं.

मग मी त्याला म्हटलं, ‘जगाच्या पोरींची एवढी काळजी, मग मला का टाकली?’  उमेश म्हणाला, ‘तुला टाकली म्हणतेस. मना तर नेला.’

त्याने दुसरं काही सांगितलं नाही, पण मला त्याचा उजवा पंजा आठवला, लहानपणी गरम विटेने भाजलेला. तो दुसरीत शाळेतून गेला तो गेलाच. दिवाळी झाली की तुमची भट्टीवर निघायची घाई, आणि उन्हाळ्याला भट्टीवरून यायला उशीर. सुट्टीला मला आणलं असतं तर तिकडे न्यावं लागलं असतं. आपल्या पोराला नेलंस आणि दिराच्या पोरीला शाळेत ठेवलंस. हे एका वाक्यात तू मला कधीही सांगू शकली असतीस.

म्हणून सगळं माफ झालं असं समजू नकोस. एखाद्या वर्षी एक दिवस येऊन पायरीवर माझ्या शेजारी बसता आलं असतं. घेऊन जायला नको, नुसतं बसायला. तू आली नाहीस हे खरं आणि तू मला विटांपासून वाचवलंस हेही खरं. मी दोन्ही ठेवते.

शेवटचं, मांडवाचं. उमेशने तेही सांगितलं. ज्यांचं स्वतःचं लग्न लागलेलं नाही त्यांनी पोरांच्या मांडवात आईबाप म्हणून उभं राहायचं नाही, आधी आपलं लावायचं. म्हणून उमेश नि त्याच्या घरातल्या योगिताचंही लग्न अडलं आहे. म्हणून ‘माझे दारी मांडव लागायचा नाय.’ मला वाटलं तुला मी नको आहे. तू मात्र लाजेने गप्प होतीस. काकी, तुझ्याएवढी ताठ बाई मी म्हशींतही बघितली नाही.

येऊ नकोस म्हटलं होतं ते मागे घेते.

राही


जव्हार, ३० मार्च

काकी,

तुझं कार्ड मिळालं. तुझं अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं. मॅडमना वाचून दाखवलं, मग स्वतःला दोनदा वाचून दाखवलं. ‘राही, पत्र मिळाला. कोंबड्या बऱ्या हायेत. तुझा मांडव मी मोडला. दुसरीकडं चांगला बघ नि तिथंच लाव. काकी.’

मांडव मोडलेला नाही. फक्त नवरी बदलली आहे.

नवरी तू. मांडववाल्याला सांगितलेलं तसंच आहे, पातेली तशीच आहेत, दार तेच आहे. चार मे, रविवार. आधी तुझं नि काकाचं लग्न लागेल, त्याच मांडवात लगेच उमेश-योगिताचं. योगिता फोनवर इतकी हसली की तिचं पोर जागं झालं. काका मात्र म्हणाला, ‘आता या वयात कसली हळद, पोरी? दात पडले माझे.’ मी विचारलं, ‘दात पडले म्हणून भाकरी सोडलीस का?’ तर तुझं नाव घेऊन हळूच म्हणाला, ‘धोंडी काय बोलली?’ म्हणजे तो तयार आहे, तुला घाबरतो एवढंच.

तू काय म्हणशील तेही मला माहीत आहे. आई नाही, बाप नाही, म्हातारीला मांडवात कोण उभी करील?

त्यासाठीच मी काल तुझ्या शेजारच्या पाड्यावर गेले होते, धवलेरी माघीआजीकडे. तिच्या बैलाच्या डोळ्याचं निमित्त होतं. बैल बघून झाल्यावर सगळं सांगितलं. सवाशिणी हळद लावतील, पण आईच्या जागी मी उभी राहिले तर चालेल का, असं विचारलं. माझं लग्न झालेलं नाही, वयाने नवरीपेक्षा लहान, रिवाजात बसतं का? म्हातारीने तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि एकच विचारलं, ‘तू त्या घरची काय?’

काकी, आश्रमशाळेत हा प्रश्न मला दर सुट्टीला विचारायचे, घर कोणतं म्हणून. मी खाली बघायचे. काल मी खाली बघितलं नाही. ‘होय, त्या घरची,’ असं म्हटलं. आजी म्हणाली, ‘मंग चालतं.’

तुझं लुगडं मी घेतलं आहे. रंग सांगत नाही, नाहीतर त्यावरही कार्ड येईल.

राही


जव्हार, २२ एप्रिल

काकी,

तुझं दुसरं कार्ड आलं. ‘काका लाजतो. मी नाय लाजत. ये.’ मॅडम म्हणाल्या, एवढं छोटं आमंत्रण त्यांनी आयुष्यात पाहिलं नाही. त्यांनाही घेऊन येते आहे, पण त्या रविवारी सकाळी येतील. मी शुक्रवारीच येते, आठ दिवस रजा टाकली आहे. मांडवाला डहाळ्या मी तोडणार, काकाला हळद लावताना तोंड धरायचं कामही माझं. जनावरं धरायचा सराव आहे.

माझ्या लग्नाचं पाड्यावर कोणी विचारलं तर सांग, बघते आहे, घाई नाही. पुढच्या वेळी दोन्ही प्रश्न विचारेन, शाळेतला आणि आपल्याकडचा. आणि तुझं लग्न लागलेलं असेल, तेव्हा तुला दारात उभं राहायला कोणी अडवणार नाही.

आता एकच मागणं आहे आणि ते ऐकायलाच हवं.

उमेश म्हणतो, मोटरसायकल घेऊन मोखाड्याला येतो. त्याला मी नको म्हटलं. पाड्याची वाट मला माहीत आहे, शेअर जीपही मिळते. तरी मी एकटी येणार नाही. शुक्रवारी दुपारच्या गाडीने मोखाड्याला उतरेन आणि स्टँडवर बाकावर बसेन. सोबत पेटी असेल. तीच पत्र्याची, कडी मोडलेली, मी टाकली नाही. तिच्यात तुझं लुगडं आहे.

हे सुट्टी लागायचे दिवस आहेत, काकी. गुडघा दुखत असेल तर काठी घेऊन ये, काकाच्या खांद्याला धरून ये, उशीर झाला तरी चालेल. स्टँडवर आल्यावर माझं नाव घेऊन हाक मार, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. तू येईपर्यंत मी तिथून उठणार नाही.

मला न्यायला ये.

राही